विंचवाचं बिऱ्हाड कुकटाउनला: कॅरव्हानमध्ये नेमकं कोण सुट्टीवर असतं?

मिनल_मेलबर्न
मंडळी, सध्या मुक्काम कुकटाउन, क्वीन्सलँड. केर्न्सपासून आतल्या रस्त्याने सव्वातीनशे किलोमीटर उत्तरेला, एंडेव्हर नदीच्या मुखाशी वसलेलं अडीच-तीन हजार वस्तीचं गाव. मेलबर्नच्या थंडीला वैतागून शाळेच्या सुट्टीला पुढे-मागे रजा जोडली, गाडीमागे कॅरव्हान, म्हणजे चाकांवरचं छोटं घर, अडकवली आणि निघालो. नवरा, दोन पोरं आणि सांगलीहून आलेल्या सासूबाई.

इथे हवा आहे मस्त. जुलै असून दुपारी पंखा लागतो. नारळ, आंब्याची जुनी झाडं, कांदळवन, समोर समुद्र. तक्रार हवेची नाहीच.

प्रश्न असा आहे की याला लोक 'सुट्टी' का म्हणतात? सकाळी उठून चहा, पोहे. मग भांडी, तीही एवढ्याशा सिंकमध्ये. मग कॅरव्हान जिथे लावतात त्या पार्कच्या लाँड्रीत मशीनसाठी नंबर. दोरीवर कपडे टाकले की वाऱ्याने अर्धे शेजारच्या तंबूवर. दिवसातून तीनदा वाळू झाडायची. दुपारी पोरांना भूक, संध्याकाळी परत भूक. नवरा एक दिवसाआड टॉयलेटची कॅसेट, म्हणजे खालची मैल्याची टाकी, रिकामी करून येतो आणि चेहऱ्यावर भाव असा की आता शौर्यपदक द्या.

तर विचारायचं आहे ते हे:
इथे भेटणारा जो तो म्हणतो, 'कुकटाउनला दोन दिवस पुरे.' आम्ही आठवड्याचं भाडं भरलंय. राहिलंय का कोणी इतके दिवस? पंचाहत्तरीच्या बाईंना घेऊन काय करता येईल? आणि तुमच्या कॅरव्हानमध्ये कोण काय काम करतं? खरं सांगा, इथे तुमची बायको वाचत नाहीये.

टवाळ_कार्टा
रुमाल टाकून ठेवतो. माझी बायको वाचतेय.

सदाशिव_पेठी
मला हा प्रकारच कळलेला नाही. तीन हजार किलोमीटर घर ओढत न्यायचं आणि तिथे जाऊन घरचंच काम करायचं. विमानाने केर्न्सला जा, गाडी भाड्याने घ्या, मोटेलात उतरा, आयतं खा. झालं.

ग्रे_नोमॅड_काका
@पेठी, पाच जणांचं मोटेल आणि तीन वेळचं हॉटेलातलं जेवण याचा हिशोब करून बघा. तोही छोट्या गावात, जिथे रविवारी दुपारी मुख्य रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. कॅरव्हान असली की भाताला कुणावर अवलंबून राहावं लागत नाही.

मिनलताई, मी ब्रिस्बेनचा, निवृत्त, दर हिवाळ्यात उत्तरेला जातो. तुमचा त्रास कॅरव्हानचा नाही, मांडणीचा आहे. थोडं सांगतो.

वीज: पार्कचा पॉइंट १५ अँपियरचा, म्हणजे साधारण साडेतीन हजार वॅट. किटली बावीसशे खाते, एसी पंधराशेच्या आसपास. दोन्ही एकदम लावलं की खटका पडणार. किटली चालू असताना एसी बंद, हा नियम दारावर चिकटवा.

पाणी: नळाला थेट पाइप जोडत असाल तर मध्ये दाब कमी करणारा व्हॉल्व्ह लावा. काही पार्कात दाब इतका असतो की आतले सांधे सुटतात, आणि पाणी गादीखालच्या कपाटात साचलंय हे दोन दिवसांनी वासावरून कळतं. पिण्याच्या पाण्याचा पाइप वेगळा, सांडपाण्याचा वेगळा. दोन्ही एका पिशवीत ठेवायचे नाहीत.

वारा: कुकटाउनचा वारा चेष्टेचा नाही. मे ते सप्टेंबर आग्नेयेकडून सतत वाहतो. कॅरव्हानच्या बाजूचं कापडी छत उघडं ठेवून बाजाराला जाऊ नका. गुंडाळा, मगच जा. कपडे कॅरव्हानच्या आडोशाला, वाऱ्याच्या पाठीमागच्या बाजूला वाळत घाला.

स्वयंपाक: फोडणी बाहेर. एकदा आत हिंग-मोहरी केलीत की पुढच्या गावापर्यंत उशीला वास.

मिनल_मेलबर्न
काका, व्हॉल्व्हचं माहीत नव्हतं, आजच हार्डवेअरच्या दुकानात बघते. फोडणी बाहेरच करतो, पण वाऱ्याने बर्नर विझतो. आणि मिक्सर? सोलरवर चालेल का? पार्कमध्ये वीज आहे, पण परतीला एक-दोन रात्री नुसत्या मोकळ्या जागेत काढायच्या आहेत.

ग्रे_नोमॅड_काका
बर्नरला तीन बाजूंनी पत्र्याचा आडोसा मिळतो, स्वस्त असतो. मिक्सर खुशाल चालवा. १०० अँपियर-तासाची लिथियम बॅटरी म्हणजे सुमारे बाराशे वॅट-तास. ७५० वॅटचा मिक्सर दोन मिनिटं फिरवलात तर पंचवीस वॅट-तास गेले. इन्व्हर्टर तेवढा हजार-दीड हजार वॅटचा हवा, कारण मिक्सर सुरू होताना झटका मोठा देतो. एसी मात्र विसरा.

इचलकरंजीची_वैनी
म्हणजे चटणी होणार, झोप नाही होणार. अग्रक्रम बरोबर आहेत.

पर्थचा_पश्या
थोडं विरोधी मत. हलकेच घ्या. तीन हजार किलोमीटर मागे अडीच टन ओढत गाडी चालवणं हेही कामच आहे. मागून येणारा ट्रक ओलांडून गेला की कॅरव्हान कशी खेचली जाते ते चालवणाऱ्याला कळतं. पोचल्यावर ती मागे-मागे घेत जागेवर लावायची, सगळा पार्क खुर्च्या टाकून बघत असतो. नवऱ्याने पहिला दिवस नुसता बसून काढला तर बिघडलं काय?

इचलकरंजीची_वैनी
@पश्या, पहिला दिवस काढू दे की. ताई आठवड्याबद्दल विचारतायत.

मिनल_मेलबर्न
वैनी, धन्यवाद. आणि पश्या, तीन हजारांतले निम्मे मी चालवलेत.

पर्थचा_पश्या
माघार.

केर्न्सवाली
मी केर्न्सला राहते, कामानिमित्त कुकटाउनला जाणं-येणं असतं. दोन दिवस पुरे म्हणणारे बहुतेक पुढे केप यॉर्कला, पार उत्तरेच्या टोकाला, निघालेले असतात. त्यांच्यासाठी हे गाव म्हणजे डिझेल भरायचं ठिकाण. तुम्ही राहा.

रोजच्या जगण्याबद्दल काही गोष्टी. किराणा मालाचे ट्रक दक्षिणेकडून येतात, त्यामुळे भाजी महाग, आणि ट्रक यायच्या आदल्या दिवशी कोथिंबीर शोधू नका. शनिवारी सकाळी नदीकाठी छोटा बाजार भरतो. पपई, केळी, नारळ, कधीमधी आळूसारखी पानं मिळतात. डाळी, मसाले केर्न्सहूनच आणायला हवे होते, पण आता काय.

संध्याकाळी कांदळवनाच्या बाजूला बसू नका, बारीक चिलटं चावतात आणि त्याची खाज आठवडाभर पुरते. मिठाच्या डबीत तांदळाचे दाणे घाला. आणि पोरांना झाडावरच्या पानांच्या गोळ्यांना हात लावू देऊ नका, त्यात हिरव्या मुंग्यांची घरटी असतात.

आता मगरी. नदी, खाडी, धक्का, किनारा, कुठेही काठापासून किमान पाच मीटर लांब. मासे साफ करून घाण पाण्याकाठी टाकायची नाही. रोज एकाच जागी पाणी भरायला किंवा गळ टाकायला जायचं नाही, ती पाहून ठेवते. किनारा कितीही सुंदर दिसला तरी पोहायला तरणतलाव.

चिपळूणचा_बंड्या
मगरींचं काय कौतुक, आमच्या वाशिष्ठीतही आहेत. पुलावरून बघतो आम्ही रोज.

केर्न्सवाली
@बंड्या, वाशिष्ठीत आहे ती गोड्या पाण्यातली मगर. इथली खाऱ्या पाण्यातली, चार-पाच मीटरची, आणि माणसाला खाद्यातच मोजते. क्वीन्सलँडमध्ये १९७४ पासून तिला संरक्षण आहे, त्यामुळे संख्या चांगली वाढलीय.

चिपळूणचा_बंड्या
बरं, आमची पुलावरूनच बरी.

खाडीवरचा
मी मूळचा अलिबागचा, सध्या टाउन्सव्हिल. इतके प्रतिसाद झाले आणि कुणी जिताड्याचं नाव काढलं नाही याचं नवल वाटतं. इथे ज्याला बारामुंडी म्हणून डोक्यावर घेतात तो आपला जिताडाच. आमच्याकडे जावयाला करतात तो.

नियम आधी सांगतो. क्वीन्सलँडमध्ये समुद्रात, खाडीत हौसेने गळ टाकायला परवाना लागत नाही. पण पूर्व किनाऱ्यावर जिताडा ५८ सेंटिमीटरपेक्षा लहान ठेवता येत नाही आणि १२० पेक्षा मोठाही नाही. मोठा का नाही, तर हा मासा आयुष्य नर म्हणून सुरू करतो आणि वाढल्यावर मादी होतो. मोठे सगळे काढले तर अंडी घालणार कोण? १ नोव्हेंबर ते १ फेब्रुवारी बंदी. आत्ता जुलैत पाणी गार, त्यामुळे तो सुस्तावलेला असतो आणि गळाला क्वचितच लागतो. विकत घ्या.

चिखलातले खेकडे मात्र बघाच. आपल्या चिंबोऱ्याच. फक्त नर ठेवायचा, पाठ १५ सेंटिमीटर रुंद हवी. मादी परत पाण्यात. पोटाकडची झडप अरुंद, निमुळती असेल तर नर. रुंद, गोल असेल तर मादी.

जिताडा तळू नका, त्याचं कालवण करा. आगळ असेल तर उत्तम, नसेल तर चिंच. लसूण ठेचून, हळद, तिखट, नारळाचं दूध शेवटी. आणि डोकं टाकून देऊ नका, सगळी चव तिथे आहे. इथे मासेवाले डोकं फुकट देतात! फुकट! अलिबागला सांगितलं तर लोक मला वेड्यात काढतात.

मिनल_मेलबर्न
खाडीवरचा, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला. सासूबाई शाकाहारी आहेत, त्या ऐकत होत्या आणि म्हणाल्या, 'बाहेर करा, भांडी वेगळी ठेवा, मी वास सहन करीन.' एवढी मोठी सवलत आमच्या लग्नापासून मिळाली नव्हती.

सदाशिव_पेठी
धागा 'कॅरव्हानमधली कामं' वरून 'माशाचं डोकं' वर पोचला. आपल्या लोकांचं असंच.

इतिहासवेडा
अवांतराला अवांतर जोडतो. दोन दिवस पुरे म्हणणाऱ्यांना सांगा की कॅप्टन कुक स्वतः इथे सात आठवडे अडकला होता. ११ जून १७७० ला त्याचं एंडेव्हर जहाज प्रवाळाच्या खडकावर आदळलं. वजन कमी करायला तोफासुद्धा पाण्यात टाकल्या. मग या नदीच्या मुखात जहाज काठावर ओढून डागडुजी केली. गंमत अशी की जहाज दुरुस्त झाल्यावरही त्याला लगेच निघता आलं नाही, कारण काकांनी सांगितलेला तोच आग्नेयेचा वारा. ४ ऑगस्टला कसाबसा बाहेर पडला.

टाकलेल्या तोफा १९६९ मध्ये समुद्रातून शोधून काढल्या. त्यातली एक आणि जहाजाचा नांगर तिथल्या कुकटाउन संग्रहालयात (आधीचं नाव जेम्स कुक संग्रहालय) आहे. इमारत जुन्या कॉन्व्हेंटची, १८८०च्या दशकातली. आजींना तिथे सकाळभर नेता येईल, आत सावली आणि बसायला जागा आहे.

तिथे इथल्या मूळ रहिवाशांची, गुगू यिमिथिर लोकांची, बाजूही नीट मांडलेली आहे. जहाजावरच्यांनी भरमसाट कासवं पकडली आणि त्यातलं एकही द्यायला नकार दिला, त्यावरून तंटा झाला. गुगू यिमिथिर लोकांनी तळाभोवतालचं गवत पेटवलं. मग त्यांच्यातला एक वृद्ध माणूस टोक मोडलेला भाला घेऊन पुढे आला आणि समेट झाला. ती जागा गावात आजही दाखवतात. कुणाच्या पाण्यातून, कुणाला विचारून घेतलंस, एवढा साधा मुद्दा होता.

टवाळ_कार्टा
म्हणजे कुकलाही वारा नडला. मग मिनलताईंच्या दोरीवरच्या कपड्यांची काय कथा.
जहाजावर भांडी कोण घासायचं याचा काही उल्लेख?

इतिहासवेडा
@टवाळ, कॅप्टन नक्कीच घासत नव्हता.

आणखी एक, ही खास तुमच्यासाठी. १८८५ मध्ये रशिया हल्ला करणार अशी हूल उठली तेव्हा कुकटाउनच्या नगरपालिकेने ब्रिस्बेनकडे शस्त्रं मागितली. आली काय, तर १८०३ सालची एक तोफ, तीन गोळे, दोन बंदुका आणि एक अधिकारी. तोफ नदीकाठच्या बागेत अजून उभी आहे. पोरांचे फोटो काढा.

टवाळ_कार्टा
तीन गोळे! म्हणजे चौथ्या जहाजाला 'उद्या या' सांगायचं.

आज्जी_ऑनलाइन
मी सोलापूरची. मुलाकडे सिडनीला गेले होते तेव्हा मलाही कॅरव्हानमधून नेलं होतं. म्हणून सासूबाईंच्या बाजूने लिहिते. माझं वय झालेलं, रात्री उठावं लागतं. पार्कचं स्वच्छतागृह लांब, अंधार, पायऱ्या उंच. आतलं टॉयलेट सगळे हसण्यावारी नेतात, पण माझ्यासारखीला तेवढ्याच भरवशावर येता येतं. मिनल, नवऱ्याला पदक देऊन टाक गं. ते काम आईसाठी आहे.

पायरीला एक जास्तीचा स्टूल आणि दाराला धरायला दांडी लावून घ्या. आणि त्यांना काहीतरी काम द्या. मला सगळ्यांनी 'तुम्ही बसा' म्हणून म्हणून कंटाळा आणला होता.

मिनल_मेलबर्न
आज्जी, हे वाचून नवरा दिवसभर मिशीत हसतोय. स्टूल आहे, दांडी आज बसवतो.

काम द्यायची वेळच आली नाही. सासूबाईंनी स्वतःच शोधलं. आमच्या डावीकडे टास्मानियाचं एक निवृत्त जोडपं आहे, उजवीकडे घोडे सांभाळणारी एक बाई एकटीच, तिचा कुत्रा. पार्क म्हणजे वाडाच आहे सगळा: सामायिक नळ, सामायिक मोरी, कोण किती वाजता उठलं हे सगळ्यांना ठाऊक. सासूबाईंना इंग्रजी बेताचं. तरी काल टास्मानियाच्या आजी आमच्याकडे बसून लसूण सोलत होत्या आणि त्यांच्या ताटलीत थालीपीठ होतं. मेलबर्नला आमच्या गल्लीत सासूबाईंना महिन्यात कुणी ओळखीचं झालं नाही.

रात्री छतावर पाल चुकचुकली तर म्हणाल्या, 'हिला व्हिसा कुणी दिला?'

ग्रे_नोमॅड_काका
ती पाल खरंच आपल्याकडचीच आहे. बोटींतून आली, आता उत्तरेत घराघरात. व्हिसा नव्हताच.

उसगावकरीण
मी अमेरिकेतून. आमच्याकडे आरव्ही, म्हणजे राहायची सोय असलेली गाडी, असते, पण कामाचा प्रश्न तोच. आमचा तोडगा: जागेनुसार काम वाटायचं. कॅरव्हानच्या दाराच्या आत जे होतं ते एकाचं, दाराबाहेर जे होतं ते दुसऱ्याचं, आणि दर नव्या मुक्कामाला अदलाबदल. बाहेर म्हणजे पाणी, वीज, सांडपाणी, कपडे वाळत घालणं, चूल. आत म्हणजे बिछाने, भांडी, झाडू, पोरांच्या बॅगा. भांडण होतंच, पण निदान विषय ठरलेला असतो.

सदाशिव_पेठी
फोडणी बाहेर करायची आणि भात आत, मग जेवण कुणाच्या खात्यात?

उसगावकरीण
जो प्रश्न विचारतो त्याच्या.

सदाशिव_पेठी
सहमत नाही, पण उत्तर आवडलं.

नवखा_पुणेकर
आम्ही पुढच्या डिसेंबरात ऑस्ट्रेलियात येतोय, मुलांना नाताळची सुट्टी असते. तेव्हा हाच मार्ग कॅरव्हानने करावा म्हणतो. कसं राहील?

केर्न्सवाली
नको. स्पष्टच सांगते. डिसेंबर ते मार्च इथे पावसाळा, चक्रीवादळांचा काळ. नोव्हेंबर ते मे समुद्रात विषारी जेलीफिश. २०२३ च्या डिसेंबरात जॅस्पर वादळ कुकटाउनच्या दक्षिणेला वुजल वुजल या गावाजवळ किनाऱ्याला लागलं, आणि खरं नुकसान नंतरच्या पावसाने केलं. ब्लूमफील्ड नदीला असा पूर आला की वुजल वुजलच्या लोकांना हेलिकॉप्टरने कुकटाउनला हलवावं लागलं. रस्ते तुटलेले, दरडी. अशा वेळी मागे कॅरव्हान असणं म्हणजे वळायलाही जागा नसणं. तुम्ही डिसेंबरात टास्मानियाला जा.

नवखा_पुणेकर
बरं झालं विचारलं. टास्मानियाचा वेगळा धागा काढतो.

मिनल_मेलबर्न
थोडी खबर. आठवडा सरत आलाय आणि मला स्वतःला वाटलं होतं त्यापेक्षा गाव पुरतंय. संग्रहालय झालं. सासूबाईंना वनस्पती उद्यान फार आवडलं. १८७८ चं आहे म्हणे, दगडी बांधकाम अजून शाबूत. ग्रासी हिल या टेकडीवर गाडी थेट वर जाते, पण वारा असा की सासूबाईंनी गाडीतूनच दर्शन घेतलं. खाली नदीचा वळसा, समोर प्रवाळांच्या दिशेने निळ्याच्या चार छटा.

काल धक्क्यावर नवऱ्याने गळ टाकला. अर्थात काही लागलं नाही. शेजारच्या माणसाने दोन खेकडे दिले, झडप बघून खात्री केली, नर होते. कालवण बाहेर झालं.

कामाची वाटणी उसगावकरीण म्हणते तशी करून बघितली. नवऱ्याकडे 'आत' आलं. दुसऱ्याच दिवशी त्याने वाळू कमी यावी म्हणून दाराबाहेर चटई आणि पाय धुवायला बादली ठेवली. इतके दिवस मी झाडत होते तेव्हा हे सुचलं नव्हतं हं साहेबांना.

मूळ प्रश्नाचं म्हणाल तर माझं मत फार बदललेलं नाही. काम तेवढंच आहे. फक्त घरी ते मी एकटी करते आणि कुणाला दिसत नाही. इथे वीस फुटांत सगळ्यांना दिसतं.

इचलकरंजीची_वैनी
+१. हे शेवटचं वाक्य आमच्या घरी फ्रिजवर लावते.

पर्थचा_पश्या
परतीला ब्लूमफील्ड ट्रॅकने किनाऱ्याकिनाऱ्याने जाता येईल का? नकाशात तर जवळ दिसतो. डेन्ट्रीचं जंगल बघून होईल.

केर्न्सवाली
कॅरव्हान घेऊन अजिबात नाही. तो फोर-व्हील-ड्राइव्हचा रस्ता, चढ भयंकर, नदी-ओढे ओलांडायचे. मिनल, आलात त्याच मलिगन हायवेने परत जा, आता तो पूर्ण डांबरी आहे. वाटेत ब्लॅक माउंटनला थांबा. डोंगरभर नुसते काळे ग्रॅनिटचे धोंडे. ती जागा तिथल्या लोकांना पवित्र आहे, त्यामुळे धोंड्यांवर चढायचं नाही, कठड्यापासूनच बघायचं. तिथून लेकलँड, पामर रिव्हर रोडहाउसला चहा, आणि अंधार पडायच्या आत मरीबा गाठा. पाचनंतर रस्त्यावर गुरं आणि वॉलबी (छोटे कांगारू) येतात, कुंपण नाही.

मिनल_मेलबर्न
नोंद केली. सकाळी सातला निघतो.

टवाळ_कार्टा
सातला? सासूबाई, पाच माणसं, एक बाथरूम. नऊला निघालात तरी कळवा.